एफएक्यू

मी मानवतची आहे म्हटलं की पुण्यातल्या लोकांचे दोनच प्रश्न असतात. पहिला, "मानवत म्हणजे ते खुनांचं का?" (२०२४ मध्ये ती वेब सिरीज आल्यापासून हा प्रश्न फारच वाढलाय. त्याआधी फक्त पन्नाशीच्या पुढचे लोक विचारायचे.) आणि दुसरा, "हे नक्की येतं कुठे?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. परभणी जिल्हा, कल्याण-निर्मल रस्त्यावर, पाथरी आणि परभणीच्या मध्ये. रेल्वेने यायचं तर मानवत रोड नावाच्या स्टेशनवर उतरायचं, आणि नावात 'रोड' असलेल्या बहुतेक स्टेशनांसारखं तिथूनही गाव लांबच आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे तुम्ही ऐकलं असेलच. ते कौतुक आहे की टोमणा, हे आम्हा परभणीकरांनाही अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला कंटाळा येतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा शाळेत होते आणि त्या सगळ्या प्रकरणाची त्यांची एकच आठवण होती. दिवस मावळला की आजी पोरांना ओट्यावरसुद्धा बसू द्यायची नाही. बास. १९७२ साल म्हटलं की त्यांना आधी दुष्काळ आठवायचा आणि मग कापसाची एकाधिकार खरेदी. ती त्याच सालच्या हंगामापासून सुरू झाली आणि पुढे त्यातच त्यांची नोकरी गेली. 'गेली' म्हणजे आयुष्य गेलं या अर्थाने.

एकाधिकार म्हणजे काय हे माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. १९७१ साली कायदा झाला आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा असं ठरलं. व्यापाऱ्याला विकायला बंदी. राज्याबाहेर न्यायलाही बंदी (न्यायचे अर्थात. रात्रीतून आंध्रात गाड्या जायच्या). गावोगावच्या जिनिंगमध्ये खरेदी केंद्रं असायची. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून आणायचा, रांगेत नंबर लावायचा, दोन-दोन दिवस गाडीखाली झोपायचा. मग नंबर आला की एक माणूस यायचा, गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसून तळातून मूठभर कापूस काढायचा, ओढून बघायचा, सरकी दाताखाली फोडायचा आणि एक शब्द बोलायचा. सुपर. एफएक्यू. फेअर. कवडी. त्या शब्दावर भाव ठरायचा, म्हणजे त्या घराचं वर्षच ठरायचं.

तो शब्द बोलणारा माणूस म्हणजे ग्रेडर. अण्णा ग्रेडर होते.

सरकी दाताखाली फोडायची ती ओल बघायला. वाळलेली सरकी कट्ट वाजते, ओली नुसती चेपते. वजन वाढावं म्हणून रात्री कापसावर पाणी मारून आणणारे लोक असत, आणि खरंच दवात भिजलेला कापूस घेऊन आलेलेही असत. दातांना दोन्ही सारखेच. अण्णांचे पुढचे दोन दात त्यामुळे खालून झिजलेले होते. आणि धागा बघायची त्यांची पद्धत तर मला अजून डोळे मिटले तरी दिसते. चिमूटभर कापूस घ्यायचा, सरकी काढून टाकायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद ओढायचा, दोन तुकडे झाले की एकावर एक ठेवून परत ओढायचा. आखूड तंतू गळून पडतात. पाच-सहा वेळा असं केलं की हातात सरळ तंतूंची एक चपटी दाढी उरते. तीच धाग्याची लांबी. मध्यम धागा म्हणजे साधारण साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर, लांब धागा साडेएकोणतीस ते साडेतीस. दोघांत जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक! ती दाढी काळ्या कापडावर ठेवून पट्टीने मोजायची असते. अण्णा पँटच्या मांडीवर ठेवून नुसतं बघायचे.

घरी असले की दिसेल तो कापूस ओढायचे. गादीतला, उशीतला, जखमेवर लावायचा, एवढंच काय आई वाती वळायला बसली की तिच्या ताटातलाही. "एकोणतीस," ते म्हणायचे. आई म्हणायची, "देवाला तरी सोडा."

पण घरी असले की. तिथेच तर सगळी गोम होती. दसऱ्यानंतर केंद्रं सुरू व्हायची ती होळीपर्यंत. कधी जिंतूर, कधी गंगाखेड, कधी सोनपेठ. आठवड्यातून एखाद्या रात्री यायचे, कपड्यांना सगळीकडे कापूस चिकटलेला, आल्याआल्या जेवायचे आणि झोपायचे. मी दहावी झाले आणि आमच्याकडच्या शिरस्त्याप्रमाणे मला लातूरला टाकलं (टाकलं हाच शब्द वापरतात, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यासारखं). लातूरहून नांदेडला इंजिनिअरिंग, तिथून पुणे. म्हणजे मी सोळाव्या वर्षी घराबाहेर पडले आणि त्याआधी निम्मं वर्ष अण्णाच घराबाहेर. आमच्यात भांडण नव्हतं, अबोला नव्हता. फोनवर ते विचारायचे, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो. तुम्ही?" मग ते म्हणायचे, "आईला देतो."

२००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची परवानगी मिळाली आणि एकाधिकार संपल्यात जमा झाला. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी आली. 'नांदेड ४४' हे आमच्याकडचं लाडकं वाण, ते हळूहळू रानातून गेलंच. अण्णा नोकरीतून बाहेर पडले आणि एका जिनिंगवर माल बघायला बसू लागले. तिथे पुढे मशिनवर तपासलेले रिपोर्ट येऊ लागले. त्या मशिनला एचव्हीआय म्हणतात, ते लांबी, ताकद, रंग, तंतूची जाडी सगळं कागदावर काढून देतं. मला वाटायचं अण्णांना त्याचा राग येत असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "बरं झालं की. मशिनला कोणी आईवरून शिव्या देत नाही."

तर, मार्च २०२०. १९ तारखेला गुरुवारी आमच्या ऑफिसने सांगितलं, लॅपटॉप घेऊन घरी जा, दोन आठवडे घरून काम करा. पाडवा पुढच्याच बुधवारी होता. मी बॅगेत पाच ड्रेस टाकले आणि रात्रीची गाडी पकडून मानवतला गेले. त्या पाच ड्रेसवर मी पुढचे कित्येक महिने काढले, कारण परत यायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. तेवीस महिने!

पहिले काही दिवस अण्णा माझ्याकडे घरात कुणाचा तरी माल उतरून ठेवल्यासारखे बघायचे. मी माळवदावरच्या खोलीत बसायचे, कारण रेंज फक्त तिथेच. खोली एप्रिलमध्ये भट्टी. अण्णांनी न विचारता पत्र्यावर तुराट्या आणि गोणपाट अंथरलं, दुपारी दोनदा पाणी मारायचे. मग इन्व्हर्टर आणला. मग एक दिवस बघितलं तर बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या डायरीत लाईट कधी गेली आणि कधी आली याच्या वेळा लिहिलेल्या. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्यावर ते म्हणाले, "मंगळवारी अन् शुक्रवारी सकाळी तुझी मीटिंग ठेवू नको, जायलीय तेव्हा." आमच्या कंपनीत याला ट्रेंड ॲनालिसिस म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम आहे.

रात्री साडेआठला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल असायचा. तो संपेपर्यंत अण्णा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायचे. इंग्रजी त्यांना बेताचंच. पण आवाज ओळखायला लागले. "तो बंगालचा पोरगा आज बोलला नाही का?" तो खरंच आजारी होता. "ती बाई रागात होती आज." कोणती बाई हे मला सांगावं लागलं नाही.

मग एकदा त्यांनी विचारलं, "तू काय करतेस नेमकं? म्हंजे लिहितेस का काय?"

मी म्हटलं, "मी लिहीत नाही अण्णा. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. मी टेस्टर आहे. त्यात चूक सापडली की ती किती मोठी आहे ते ठरवायचं. सगळ्यात वाईट ती सेव्ह-एक. मग दोन, तीन, चार."

ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे तूबी ग्रेडरच की."

आणि त्यानंतर आमचं जे बोलणं सुरू झालं ते तेवीस महिने थांबलं नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे एफएक्यू म्हणजे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न. ते म्हणाले, आमच्याकडे एफएक्यू म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी, ज्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही ते. सुपरवाला खूश असतो, कवडीवाला भांडतो, एफएक्यूवाला पावती घेऊन घरी जातो. "मानूस बी तसाच असतो," ते म्हणाले, "आपन एफएक्यू." मी म्हटलं, मी पण का? तर हसले नुसते.

एक गोष्ट त्यांनी मला २०२० च्या दिवाळीनंतर सांगितली. त्या वर्षी उन्हाळ्यात लॉकडाऊनमुळे खरेदी बंद पडली होती आणि लोकांच्या घरात, अंगणात, झोपायच्या खोलीत कापूस पडून होता. आमच्या शेजारीही होता. त्याच्या नुसत्या वासाने अंग खाजायचं. त्यावरून विषय निघाला. ते नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट. एक म्हातारा गाडी घेऊन आला होता. वरचा माल सुंदर, तळाचा ओला. दव की मारलेलं पाणी, सांगता येत नव्हतं. अण्णांनी खालची ग्रेड दिली. म्हातारा भांडला नाही, पाया पडला नाही. थोडा वेळ जूवर हात ठेवून उभा राहिला आणि बैल उलटे वळवून, माल न विकता निघून गेला. दुसऱ्या दिवशी येईल म्हणून अण्णांनी वाट बघितली. त्या हंगामात तो परत आलाच नाही.

"नंबर बेचाळीस होता गाडीचा," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, "पण ग्रेड बरोबर होती ना?"

"ग्रेड बरोबरच होती."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आजही सुचत नाही. पण पुढच्या जानेवारीत आमचा एक रिलीज होता. विम्याच्या क्लेमचं सॉफ्टवेअर आहे ते. ज्यांच्या दोन पॉलिसी आहेत त्यांचा हिशोब एका ठरावीक परिस्थितीत कमी निघत होता. मी सेव्ह-एक टाकला. संध्याकाळी मॅनेजरचा फोन. अशी माणसं किती असतील, वर्कअराउंड आहे, सेव्ह-तीन करून टाक, पुढच्या रिलीजमध्ये बघू. गोड बोलत होता, आणि मार्चमध्ये अप्रेझल होतं. मी जिन्यावर येऊन बसले आणि अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं 'सत्याने वाग' वगैरे म्हणतील. ते म्हणाले, "खालची ग्रेड द्यायची आसंल तर ज्याचा माल हाय त्याच्या तोंडावर द्यायची. कागदावर लिहून मागनं पळायचं न्हाई. त्याला बोलायला जागा पायजे." आणि मग विचारलं, "त्या बाईला माहितीय का हे?"

बाईला माहीत नव्हतं. रात्रीच्या कॉलवर मी सांगितलं. तीन-चार सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग बाईने दोन प्रश्न विचारले. रिलीज चार दिवस पुढे गेला. मला शाबासकी मिळाली नाही, अप्रेझल नेहमीसारखं झालं, मॅनेजर महिनाभर तुटक वागला आणि मग विसरला. कॉल संपल्यावर बाहेर आले तर अण्णा पायरीवर बसल्याबसल्या पेंगत होते. "झालं का?" "झालं." "चल मग, दूध तापवलंय आईनं."

ऑफिसात कधी कोरोनाचा विषय निघतो. सगळे आपापलं सांगतात. कुणाचे बाबा गेले, कुणाला ऑक्सिजनसाठी रात्रभर फिरावं लागलं, कुणी आठ महिने एका खोलीत एकटं राहिलं. आमच्याही गल्लीत २०२१ च्या एप्रिलमध्ये तीन घरांतली माणसं गेली, आणि अण्णा त्यांपैकी एकाच्या खांद्यालासुद्धा जाऊ शकले नाहीत. मी हे ऐकते तेव्हा गप्प बसते. कारण माझी बारी आली तर मला खरं काय सांगावं लागेल? की ते तेवीस महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते? की ती साथ आली नसती तर माझे वडील मला फक्त 'जेवलीस का' एवढेच माहीत असते? असं कुणाच्या तोंडावर बोलता येत नाही. इथे लिहितेय, तेही चार वेळा खोडून.

२०२२ च्या जानेवारीत कापसाने दहा हजार रुपये क्विंटलचा आकडा ओलांडला. आदल्या हंगामात लांब धाग्याचा हमी भाव पाच हजार आठशे पंचवीस होता, म्हणजे अंदाज करा. अण्णा रोज सकाळी मफलर गुंडाळून मार्केट कमिटीत जायचे. विकायला काही नव्हतं, आमच्याकडे शेत कुठलं. नुसते भाव ऐकायला. परत आले की पोरासारखे जिन्यात असतानाच ओरडून आकडा सांगायचे. पुढच्या महिन्यात मला ऑफिसने परत बोलावलं. निघताना त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेची चेन दोनदा उघडून परत लावली. त्यांना निरोपाचं असं काही येत नसे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सकाळी चहा पिताना त्यांना ॲटॅक आला. परभणीला न्यायच्या आतच गेले. मी पुण्याहून गाडी करून निघाले. नगर सोडलं, पाथर्डी आली आणि तिथून पुढे गढी, माजलगाव, पाथरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. ऊन होतं, बायका वेचणीला होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "यंदा माल चांगला दिसतोय, ताई." मला चांगला-वाईट कळत नाही. चिमटीत धरून ओढायला मी शिकले होते, पण माझी दाढी कधी सरळ आली नाही.

नंतर मला त्यांचा आवाज हवा होता. फोटो आहेत, पण फोटो काढताना ते पुतळ्यासारखे उभे राहायचे, त्यांचा काही उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर त्यांनी कधी व्हॉइस मेसेज पाठवला नाही. मग लक्षात आलं, दोन वर्षं ते माझ्या प्रत्येक मीटिंगच्या मागे बसलेले होते! पण आमच्याकडे मीटिंगची रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जातात. पुसली गेली होती, शेकडो तास. एकच उरलं. २०२१ मध्ये मी क्लेम मॉड्यूलवर घेतलेलं एक केटी सेशन, नवीन येणाऱ्यांना दाखवायला म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेलं. एक तास अठरा मिनिटं. त्यात एक्केचाळिसाव्या मिनिटाला मागून अण्णांचा आवाज येतो. साताठ सेकंद.

ही फाईल कंपनीच्या लॅपटॉपबाहेर नेता येत नाही. क्लायंटचा डेटा दिसतो त्यात, आणि हा नियम योग्य आहे हे मीच नवीन पोरांना शिकवते. म्हणजे मी नोकरी सोडली की ते साताठ सेकंद गेले. दोन वर्षांत तीन चांगल्या ऑफर आल्या. आई म्हणते, नोकरी बदल, तिथे तुझं काय ठेवलंय? मी काहीतरी कारण सांगते. खरं कारण हसण्यासारखं आहे. एक ऑफर अजून मेलमध्ये पडून आहे, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

गेल्या आठवड्यात टीममध्ये एक नवीन मुलगी आली, कोइम्बतूरची. तिने केटी बघितलं आणि माझ्या डेस्कशी वही घेऊन आली. सहा-सात शंका होत्या, चांगल्या होत्या. शेवटी जरा घुटमळत म्हणाली, मध्येच एक माणूस काहीतरी बोलतो, ते काही महत्त्वाचं आहे का, मला भाषा कळली नाही.

मी तिला सांगितलं. ते माझ्या आईला सांगतायत की मिक्सर बंद कर, पोरगी बोलायलीय. आणि मग विचारतायत, लाईट गेली का. तिने वहीत काहीतरी टिक केलं आणि आम्ही पुढच्या मॉड्यूलकडे वळलो.